पहिल्या कुंडापाशी

आमच्याकडच्या घळीत मी आजवर वीस-पंचवीस वेळा तरी गेलो असेन. लहानपणी घरच्यांबरोबर, पुढं नोकरी लागल्यावर शाळेच्या सहली घेऊन. त्यातल्या एकाच खेपेबद्दल लिहायचं आहे. आमच्या विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला, त्यावरून मराठवाड्यात गावोगाव जाळपोळ झाली, त्याच्या पुढच्या जानेवारीतली ती खेप. संक्रांत होऊन गेली होती. माझ्या पिशवीत माझ्या मित्राचा परीक्षेचा फॉर्म होता. त्यावर त्याच्या तीन सह्या घेऊन तो सोमवारपर्यंत कॉलेजात भरायचा होता. नाही भरला तर त्याचं वर्ष जाणार होतं, आणि ते बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. शिवाय त्यानं माझ्याबरोबर परभणीला परत यावं, आमच्या खोलीत, असंही मला वाटत होतं. फॉर्म हे निमित्त म्हणा हवं तर.

आम्ही दोघं एकाच गावचे. मी वरच्या आळीतला, चाळीस एकरवाल्याचा मुलगा. तो खालच्या वस्तीतला, बौद्धांच्या घरांतला. गावच्या शाळेत आमची ओळख वर्गापुरतीच होती. परभणीला कॉलेजात गेल्यावर मात्र स्टेशनामागं एका पत्र्याच्या खोलीत आम्ही दोन-सव्वादोन वर्षं एकत्र राहिलो. एक स्टोव्ह, एक तांब्या, थंडीत दोघांत एक घोंगडी. तो गणितात हुशार आणि मी त्याच्या वह्या उतरून काढून पास होणारा. आम्ही एका ताटात जेवायचो. मला याचा भारी अभिमान होता आणि तो मी वर्गात मिरवायचोही. सुट्टीला गावी निघालो की एस.टी.त शेजारी शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत जायचो. फाट्यावर उतरलो की मी वरच्या वाटेनं जायचो, तो खालच्या. सुट्टी संपेपर्यंत भेट नाही. परत जायच्या दिवशी फाट्यावर भेटलो की गप्पा जिथं तुटल्या होत्या तिथून पुढं सुरू. याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही, असं मी लिहिणार होतो. मला वाटलं नाही. त्याचं मला माहीत नाही.

पावसाळ्यात ठराव झाला आणि काही दिवसांतच आमच्या गावची खालची वस्ती जळाली. आम्ही दोघंही तेव्हा परभणीत होतो. गावाकडून आलेल्या एका कंडक्टरनं आम्हाला बसस्टँडवर सांगितलं. मित्र अंगावरच्या कपड्यांनिशी तसाच गाडीत बसला. मी खाली उभा राहिलो. मीपण येतो, असं तोंडातून निघालं नाही. गाडी सुटली, मी खोलीवर आलो, स्टोव्ह पेटवून भात टाकला आणि जेवलो.

पोळ्याला मी गावी गेलो. खालच्या वस्तीच्या जागी काळ्या पडलेल्या कुडाच्या भिंती आणि वाकलेले पत्रे होते. माणूस कुणी नव्हतं. बैल सजवले होते, मिरवणूक निघाली, तोरण तुटलं. वस्ती जळाली त्या दिवशी माझा चुलता कुठं होता हे मी त्याला विचारलं नाही. त्याच्या हाताला पट्टी होती. वडील एवढंच म्हणाले, "झालं ते झालं. तू अभ्यासाकडं बघ." आईनं पुरणाच्या पोळ्या वाढल्या. मी तीन खाल्ल्या. लोक म्हणतात अशा वेळी घास घशाखाली उतरत नाही. माझा उतरत होता. झोपही लागत होती. आत काहीतरी व्हायला पाहिजे आणि ते होत नाही, एवढंच कळत होतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गालाला बोट लावून बघतो, तसं मी मधूनमधून स्वतःला चाचपून बघायचो आणि सोडून द्यायचो.

मित्र परत खोलीवर आला नाही. त्याचे आईवडील जिल्ह्याच्या गावी कुणा नातेवाइकाकडं गेले. तो राणीसावरगावच्या पलीकडं थोरल्या बहिणीच्या गावी राहून रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होता. त्याची हजेरी आमच्या एका भल्या प्राध्यापकांनी सांभाळून घेतली. फॉर्म निघाले तेव्हा ऑफिसातल्या कारकुनानं मला बोलावून त्याचा कोरा फॉर्म माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "त्याच्यासंगं राहतोस ना? मग तूच बघ." मी तो खोलीवर बसून सुवाच्य अक्षरात भरला. त्याचं नाव, वडलांचं नाव, विषय, कायमचा पत्ता. सगळं मला पाठ होतं. मग त्याला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही, पण एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप आला की बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी असते, तेव्हा ये.

बाजाराच्या दिवशी मी गाडीतून उतरलो तेव्हा तो स्टँडजवळच्या लिंबाखाली उभा होता. वाळला होता. हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मला वाटलं होतं की बघितल्याबरोबर आपल्याला रडू येईल. तसं काही झालं नाही. मी म्हणालो, "कसा हायस?" तो म्हणाला, "हाय." मग मी विचारलं, "बहिणीच्या घरी जायचं?"

"घरी नको," तो म्हणाला. "माझा मेव्हणा हाय घरी. तुझं गाव ऐकलं की त्याचं डोकं फिरतं. चल, घळीत जाऊत."

मला ते बरंच वाटलं. त्याच्या मेव्हण्याला तोंड द्यायची माझी तयारी नव्हती.

घळ म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. बालाघाटाची टेकडी इथं मध्येच चिरली आहे. पावसाळ्यात तिच्यातून ओढा वाहतो, दिवाळीनंतर तो आटतो आणि राहतो तो नुसता काळा खडक, गोटे आणि वाळू. दोन्ही बाजूंनी दोन-दोन पुरुष उंच कडे, त्यांच्या फटींतून निवडुंग आणि सीताफळीची वाळकी झुडपं. निवडुंग सोडला तर हिरवं म्हणून डोळ्याला काही दिसत नाही. तोंडापासून शेवटापर्यंत चाललं तर पाऊण तास. पण खडकात पाण्यानंच कोरलेली चार कुंडं आहेत आणि सगळं शिवार भाजून निघालं तरी त्यांच्यात चैतापर्यंत पाणी असतं. म्हणून हुरड्याच्या दिवसांत आसपासच्या गावांची निम्मी माणसं घळीत लोटतात. बैलगाड्या तोंडाशी सोडायच्या, पोरांना खांद्यावर घ्यायचं आणि कुंडं बघत बघत वर जायचं. आता तिथं पिकनिक पॉइंट अशी पाटी लागली आहे आणि चिप्सच्या पिशव्या उडत असतात. तेव्हा बोरांच्या बिया आणि उसाची चिपाडं असायची. घाण करण्यात आपली माणसं पहिल्यापासून पटाईत.

चारही कुंडांचा एक रिवाज होता. पाटी कुठंच लावलेली नव्हती, पण पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असायचं. सगळ्यांत वरचं कुंड आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचं. तिथं सात दगडांना शेंदूर लावलेला, बायका हिरव्या बांगड्या वाहायच्या, चपला लांब काढायच्या. त्याच्या खालचं पिण्याचं. त्याच्या खालचं आंघोळीचं आणि धुण्याचं. आणि सगळ्यांत खालचं, घळीत शिरलं की पहिलंच लागणारं, ते जनावरांचं. खालच्या वस्तीतले लोकही त्या पहिल्या कुंडापाशीच थांबत. त्यांच्यातल्या बायका कुंडाच्या काठाला वाळूत हातभर खड्डा करायच्या, त्याला झिरा म्हणतात, आणि त्यात झिरपून आलेलं स्वच्छ पाणी वाटीनं तांब्यात भरायच्या. आम्ही त्यांच्या बाजूनं वर जायचो. कायदा झाला होता, कुणीही कुठंही जावं असं सगळेच म्हणायचे, आमचे वडीलसुद्धा. तरी कुणी जागा सोडली नव्हती. लहानपणी मी माझ्या याच मित्राला तिथं झिऱ्यापाशी उकिडवं बसलेलं बघितलं आहे. हात केला असेल. आठवत नाही.

आम्ही घळीत शिरलो तेव्हा दहा वाजले असतील. ऊन चढत होतं, पण खडक अजून गार होता. आमच्या पुढं दोन-तीन बिऱ्हाडं गेलेली होती, त्यांच्या पोरांचा कालवा वरून ऐकू येत होता. मी फॉर्मचा विषय कसा काढावा याचा विचार करत होतो, म्हणजे तसं स्वतःला सांगत होतो. खरं तर पायाखालचे गोटे मोजत होतो.

पहिल्या कुंडात एक म्हातारा मेंढपाळ मेंढ्या धूत होता. लोकर कातरायच्या आधी मेंढ्या अशा धुवाव्या लागतात. तो कंबरभर पाण्यात उभा होता. काठावरून त्याची बायको एकेक मेंढी ढकलायची, तो तिला मानेला धरून बुचकळायचा, पाठ-पोट रगडायचा आणि पलीकडं सोडायचा. पाणी चहासारखं झालं होतं आणि त्यावर लोकरीचा तेलकट फेस तरंगत होता. वास तर विचारू नका.

आणि मी तिथं थांबलो. पिशवी खडकावर ठेवली. आत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन कांदे होते, ते काढले. मग काठाला जरा बाजूला गुडघे टेकून दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागलो.

मित्र उभाच होता. "काय करायलास?" त्यानं विचारलं.

"झिरा काढायलो. पाणी लागंल ना जेवताना."

मी कोपरापर्यंत हात घालून वाळू काढत राहिलो. खाली ओल लागली, मग पाणी लागलं. मला तर आपण त्याचं काहीतरी करतोय, त्याची सेवा करतोय, असंच वाटत होतं. इतकं मन लावून मी गेल्या सहा महिन्यांत कुठलंच काम केलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं एक मेंढी सोडली आणि आमच्याकडं बघून हाक मारली, "वरच्या आळीच्या मालकाचं लेकरू न्हाई का तुमी? हितं कामून बसायलाव? मेंढरानं समदं पाणी गढूळ केलंय. वर जावा की. वरचं पाणी लय ग्वाड हाय."

"जातो," मी म्हणालो.

"अन् हे पाव्हणं कुठलं?"

त्यानं मित्राकडं बघून विचारलं होतं. मित्र उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी बोललो. "माझ्या मामाचा मुलगा हाय."

हे मी का बोललो, त्याचा मी पुढं बराच विचार केला आहे. त्या क्षणी काहीच विचार केला नव्हता. उत्तर जिभेवर तयारच होतं. गावाकडं अनोळखी माणसाला 'कुठलं पाव्हणं' विचारतात तेव्हा काय विचारतात हे मला ठाऊक होतं आणि मित्रालाही. दिवस वाईट होते. त्याला कुणी हटकू नये, अपमान होऊ नये, म्हणून मी त्याला माझ्या घरातला करून टाकला. मनातल्या मनात मी स्वतःची पाठसुद्धा थोपटली.

"बरं, बरं," म्हातारा म्हणाला आणि पुढची मेंढी धरली.

मित्रानं खाली वाकून भाकरीचं फडकं परत बांधलं, पिशवीत टाकलं, पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागला. मी हात झटकत त्याच्या मागं गेलो. झिऱ्यात वीतभर स्वच्छ पाणी साठलं होतं, ते तसंच राहिलं.

दुसऱ्या कुंडात पोरं डुंबत होती. तिसऱ्यापाशी हुरड्याची आगटी पेटवून लोक बसले होते. त्यातल्या एका बाईनं आम्हाला हाक मारून ओंजळ ओंजळ गरम हुरडा दिला. मित्रानं घेतला, खाल्ला, म्हणाला, "लय गोड हाय, मावशी." बाई खूश झाली. कुणी काही विचारलं नाही. मी मात्र कुणी विचारतंय का म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

तो तिथंही थांबला नाही. शेवटच्या कुंडापर्यंत गेला. तिथं तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. कुंड काळं आणि शांत होतं, कड्याची सावली निम्म्या पाण्यावर. सात दगडांपाशी शिळी फुलं आणि फुटक्या बांगड्या पडल्या होत्या. त्यानं चपला काढल्या, मी पण काढल्या. तो काठावर बसला, ओंजळीनं पाणी प्याला, तोंड पुसलं. त्यात काही विशेष नव्हतं. तहान लागलेला माणूस पाणी पितो तसा प्याला. आम्ही भाकरी खाल्ली. बोटांच्या चिंध्या ओल्या झाल्या म्हणून त्यानं त्या सोडून खडकावर वाळत घातल्या. बोटं फुटलेली होती. मी ती बघितली आणि दुसरीकडं बघायला लागलो.

"फॉर्म आणलास?" त्यानंच विचारलं.

मी दिला. त्यानं तो मांडीवर पसरून वरपासून वाचायला सुरुवात केली. वर विद्यापीठाचं नाव छापलेलं होतं, जुनंच. ठराव होऊन सहा महिने झाले होते, पण कुणाची छाती झाली नव्हती. त्या ओळीवर तो जरा थांबला. मग खाली आला.

"माझं नाव बरोबर लिहिलंस," तो म्हणाला. "बापाचं पण. काना-मात्रा काही चुकलं न्हाई."

"पाठ हाय मला."

"मग मघाशी काय झालं?"

मी भाकरीचं फडकं झटकायला लागलो.

"त्या म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं. तू सांगितलंस. अन् ते बी काय, तर तुझ्या मामाचा."

"तुला तकलीफ नको म्हणून."

"आता मला कुठली तकलीफ राहिली रे?" तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो साध्या आवाजात, गणितातली पायरी समजावून सांगताना बोलायचा तसा बोलत होता. "अन् तिथं थांबला होतास कामून? त्या मेंढराच्या घाणीत?"

दमलो होतो, असं मी सांगणार होतो. पण घळीत शिरून दहा मिनिटंही झाली नव्हती. "सवयीनं," मी म्हणालो.

त्या दिवसभरात मी खरं बोललो ते एवढंच.

तो हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच. "सवयीनं," तो म्हणाला. "मी बघत होतो तुझ्याकडं. कसा वाळू उपसायलास. माझी आई काढायची तसाच झिरा काढलास, तेवढाच खोल. कधी बघून ठेवलं होतंस एवढं?"

आत्ता लिहिताना मला स्पष्ट दिसतं की तेव्हा दोन शब्द बोलायची वेळ होती. माझं चुकलं. किंवा, माझ्या चुलत्याचा हात भाजला होता आणि मी त्याला काही विचारलं नाही. काहीही चाललं असतं. तो वाट बघत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या आत सगळं बधिर होतं. मूग गिळून बसणं म्हणतात ना, तेसुद्धा नव्हतं. गिळायला काही नव्हतंच. मी फॉर्मच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "सोमवारी शेवटची तारीख हाय."

त्यानं हात पुढं केला. "पेन दे," म्हणाला.

फुटलेल्या बोटांत त्याला पेन नीट धरता येईना. एक सही केली, दुसरी केली. तिसरीच्या आधी तो कायमच्या पत्त्यावर थांबला. तिथं मी आमच्या गावचं नाव लिहिलं होतं, खालची वस्ती असं लिहून. त्यानं त्यावर आडवी रेघ मारली आणि वर बहिणीच्या गावचं नाव लिहिलं.

"खाडाखोड चालत न्हाई," मी म्हणालो. "फॉर्म परत येतो."

"येऊ दे की," तो म्हणाला. तिसरी सही केली, फॉर्मची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

"मी भरतो ना, माझ्याजवळ दे."

"सोमवारी खाडा करीन मी. माझा मीच भरीन."

"मग खोलीवर ये. गाडीनं संगंच जाऊत आज. तुझं अंथरूण तसंच हाय."

"न्हाई," तो म्हणाला. एवढंच. कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. आता साडेबाराची गाडी सापडते का, असं माझ्या मनात आलं.

उतरताना तो पुढं होता. पहिल्या कुंडाशी आलो तेव्हा मेंढ्या धुवून झाल्या होत्या आणि उन्हात अंग वाळवत उभ्या होत्या. म्हातारा धोतर पिळत होता. मित्र त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्यानं आपलं नाव सांगितलं, वडलांचं सांगितलं, गाव सांगितलं आणि म्हणाला, "खालच्या वस्तीतला. यंदा जळाली ती."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "तुझ्या बापाला वळखतो मी," तो मित्राला म्हणाला. "आमची मेंढरं बसायची त्याच्या घरामागं. बरा हाय का बाप?"

"बरा हाय."

"मग मालक, तुमी मामाचं पोरगं कामून म्हणलाव?"

त्यानं रागानं विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळलं नव्हतं. मी खाली बघितलं. मित्रानंही माझ्या वतीनं उत्तर दिलं नाही. म्हाताऱ्याची बायको मेंढ्या मोजत होती, ती मोजता मोजता थांबली आणि मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. आम्ही निघालो.

घळीच्या तोंडाशी वाटा फुटतात. एक बहिणीच्या गावाला, एक सडकेला. तिथं तो म्हणाला, "जा आता. गाडी चुकंल." मी गेलो. गाडी सापडली. खिडकीशी जागाही मिळाली.

त्यानं फॉर्म भरला. खाडाखोडीसकट तो घेतला गेला. परीक्षेला तो आला, तेव्हा मी त्याला लांबून बघितलं. दुसऱ्या हॉलमध्ये नंबर होता. पेपर सुटल्यावर तो मुलांच्या घोळक्यात पाण्याच्या पिंपापाशी उभा असायचा. मी हात केला की मान हलवायचा, वर्गातल्या कुठल्याही मुलाला हलवतात तशी. जवळ गेलो असतो तर बोलला असता. मी गेलो नाही. एप्रिलात मी खोली सोडली. त्याचं अंथरूण कुणाला द्यावं हे न समजून घरमालकिणीकडं ठेवलं. निकालाच्या यादीत तो पहिल्या वर्गात होता आणि मी कसाबसा दुसऱ्यात.

पुढं मी पालमला हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर झालो. लग्न, मुलं, बदली टाळण्याची धडपड, सगळं रीतसर. चुलता म्हातारा होऊन मेला, मी त्याला खांदा दिला. या सगळ्या वर्षांत मी ही गोष्ट पुष्कळांना सांगितली. नामांतराचा विषय निघाला की मी हमखास सांगायचो. माझा एक मित्र होता, त्याचं घर जळालं, तो खडी फोडत होता, मी फॉर्म घेऊन त्याच्याकडं गेलो, घळीत बसून सह्या घेतल्या आणि त्याचं वर्ष वाचवलं. झिरा मी सांगायचो नाही. मामाचा मुलगाही नाही. बरीच वर्षं सांगून सांगून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली होती की मलाही तीच खरी वाटायला लागली होती.

शेवटी एकदाचं विद्यापीठाचं नाव बदललं. तोही जानेवारीच होता. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या खोलीत वर्तमानपत्र या हातातून त्या हातात फिरत होतं. जुने मास्तर आपापल्या आठवणी सांगत होते, कोण कुठं अडकला, कुणाची गाडी कशी फिरवली. मीही माझी सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही होता म्हणून, सर." मी नको नको म्हटलं.

कोपऱ्यात एक नवीन शिक्षिका बसली होती, नुकतीच लागलेली, वह्या तपासत. ती आमच्या गप्पांत कधी भाग घ्यायची नाही. तिनं मान वर करून विचारलं, "मग ते आता कुठं असतात, सर?"

"कोण?"

"तुमचे मित्र. काय करतात ते?"

ती उत्तराची वाट बघत होती. खोलीतले बाकीचेही माझ्याकडं बघायला लागले, कारण प्रश्न सोपा होता आणि उत्तर मला येणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. माझ्या कानशिलाशी काहीतरी गरम झालं. पंधरा वर्षांत मला काही वाटलं ते तेव्हा पहिल्यांदा, भर दुपारी, खडूच्या धुळीत, एका अनोळखी मुलीसमोर.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी कधी विचारलंच नाही."